शेवगा बियांची ‘जलशुद्धी’ पावडर: तापीच्या गाळावर चालते, बोअरच्या क्षारावर नाही

खानदेशातल्या आठवडे बाजारांत, कृषी प्रदर्शनांत आणि ऑनलाइनही शेवग्याच्या बियांची पूड ‘नैसर्गिक जलशुद्धी पावडर’ म्हणून मिळते. शंभर ग्रॅमचं पाकीट, वर हिरवं पान, खाली दाव्यांची रांग: गढूळपणा जातो, जंतू मरतात, क्षार उतरतात, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) घटतो, शिवाय शुगरही आटोक्यात. यातला पहिला दावा खरा, दुसरा अर्धा खरा, बाकीचे सोडून द्यायचे. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या मालाचं आहे. पाकिटं बदलतात, बी तेच असतं.

खरं काय, ते आधी. शेवग्याच्या बियांच्या गरात छोटी, पाण्यात विरघळणारी प्रथिनं असतात. त्यांत आर्जिनिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं भरपूर. आर्जिनिनमुळे नेहमीच्या पाण्यात त्यांच्यावर धन भार राहतो. आपल्या काळ्या मातीचा बारीक कण ऋण भाराचा असतो. म्हणूनच तो कण दुसऱ्या कणाला ढकलत दिवसेंदिवस तरंगत राहतो आणि हंडा रात्रभर ठेवूनही पाणी चहासारखंच दिसतं. प्रथिन त्या कणांना चिकटलं की भार मोडतो, कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होऊन तळाशी बसतात. नाईलच्या पुराचं पाणी सुदानमधल्या बायका याच बियांनी निवळत. जर्मन संशोधक सामिया अल अझरिया यान यांनी ते तंत्र अभ्यासून जगापुढे मांडलं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीला येणारं, पांझरा-गिरणेच्या पहिल्या लोंढ्याचं ‘गढूय पानी’ याच जातीचं असतं. तिथे ही पूड खरोखर चालते.

आता पाकीट विकत घेताना. सर्वांत मोठा घोटाळा म्हणजे ‘मोरिंगा पावडर’ नावाखाली मिळणारी हिरवी पूड. ती पानांची. खायला ठीक, पण पाणी निवळत नाही, उलट हिरवं होऊन दुसऱ्या दिवशी वास मारतं. बियांची पूड मळकट पांढरी ते फिकट पिवळसर असते, बोटांना किंचित तेलकट लागते. तपकिरी ठिपके जास्त असतील तर टरफलासकट दळलेली आहे. टरफलात कामाचं प्रथिन नगण्य, म्हणजे तुम्ही भुशाचे पैसे देताय. खवट वास आला तर परत करा. बियांच्या गरात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास तेल असतं, ते पूड केल्यावर लवकर बिघडतं आणि पुडीची ताकदही महिन्यागणिक उतरते. म्हणून दळल्याची तारीख छापलेली नसेल तर ते पाकीट घेऊ नका. तेल काढून उरलेल्या पेंडीची पूड मिळाली तर तीच चांगली: प्रथिन पेंडीतच राहतं आणि खवटपणाची कटकट कमी.

खरं तर दारात शेवगा असेल तर पाकिटाची गरजच नाही. झाडावरच वाळून तपकिरी झालेल्या शेंगेतलं बी काढा, तीन पंखांचं कागदी आवरण आणि टरफल सोला, पांढरा गर खलबत्त्यात कुटा, चहाच्या बारीक गाळणीतून चाळा. काळपट, मऊ, बुरशी आलेला गर टाकून द्या. सोललेलं बी ठेवू नका, शेंगेसकट ठेवा आणि लागेल तेव्हाच कुटा. मात्र एक गोष्ट अजिबात करायची नाही: कृषी सेवा केंद्रातून आणलेलं पेरणीचं बियाणं वापरायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, आणि ते धुऊन जाईल या भरवशावर पिण्याच्या पाण्यात टाकणं म्हणजे विषाशी खेळ.

मात्रेच्या बाबतीत बहुतेक पाकिटं निकालात निघतात. ‘हंड्याला एक चिमूट’ असं लिहिलेलं असतं. चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅमही नाही. वीस लिटरच्या हंड्यात ती लिटरला वीस-पंचवीस मिलिग्रॅम पडते, पुराच्या पाण्याला याने काहीच होत नाही. अंदाज असा धरा: सोललेल्या एका बीचा गर साधारण ०.२ ग्रॅम. थोडं गढूळ पाणी असेल तर चार लिटरला एक बी, मध्यम गढूळ असेल तर दोन लिटरला एक, चांगलंच गढूळ असेल तर लिटरला एक, आणि लाल चिखल असेल तर लिटरला दोन. म्हणजे वीस लिटरच्या हंड्याला अनुक्रमे ५, १०, २० आणि ४० बिया, पुडीत सांगायचं तर १, २, ४ आणि ८ ग्रॅम. सपाट छोटा चमचा दोन ग्रॅमच्या आसपास भरतो. या हिशेबाने शंभर ग्रॅमचं पाकीट पुराच्या दिवसांत पंचवीस हंड्यांना पुरतं, पाकिटावर लिहिलेल्या ‘तीन महिने’ वगैरेला नाही.

नेमकी मात्रा काढायची असेल तर मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणा. एक ग्रॅम पूड १०० मिली स्वच्छ पाण्यात बाटलीत घालून पाच मिनिटं जोरात हलवा, फडक्यातून गाळा. या दुधाळ पाण्याच्या एका मिलीत दहा मिलिग्रॅम पुडीचा अर्क येतो. एक-एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत तेच गढूळ पाणी भरा. पहिलीत काही नाही, बाकीत ५, १० आणि २० मिली. तासाभराने ज्या बाटलीत कमीत कमी अर्कात पाणी साफ दिसेल, तीच त्या दिवसाची मात्रा. नदीचा रंग बदलला की प्रयोग पुन्हा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा, उरला तर झाडाला ओतायचा.

हंड्यात करताना पूड कोरडी भुरभुरू नका, गोळे होऊन तरंगतात. कपभर पाण्यात वरच्यासारखा अर्क करून गाळून ओता. पहिलं एक मिनिट जोरात ढवळा, मग पाच ते दहा मिनिटं अगदी सावकाश, मिनिटाला पंधरा-वीस फेरे. लोक चुकतात ते इथे. शेवटपर्यंत जोरात घुसळलं की जमलेल्या गुठळ्या फुटतात आणि अजिबात न ढवळलं तर जमतच नाहीत. मग झाकून, न हलवता एक ते दोन तास. वरचं पाणी नळीने खेचून घ्या किंवा तोटी तळापासून चार बोटं वर असलेलं पिंप वापरा. हंडा वाकवून ओतलं की गाळ परत वर येतो. दोन तासांनीही पाणी दुधाळ राहिलं तर मात्रा जास्त झाली आहे: कणांवर आता धन भार चढला आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागले. आणखी पूड घालणं हा त्यावरचा उपाय नाही.

जंतूंचा दावा. सुदानमधल्या प्रयोगांत पहिल्या एक-दोन तासांत विष्ठेतले जंतू ९० ते ९९.९९ टक्के घटले. आकडा झकास, पण ते मेले नव्हते, गाळासोबत तळाला बसले होते, आणि चोवीस तासांत त्यांतले काही वरच्या पाण्यात पुन्हा वाढले. शंभर मिलीत दहा हजार जंतू असतील तर ९९ टक्के घट होऊनही शंभर उरतात, भारतीय मानक आयएस १०५०० मात्र शंभर मिलीत एकही ई. कोलाय चालवून घेत नाही. म्हणून निवळलेलं पाणी उकळायचं किंवा क्लोरीन घालायचं, त्याला पर्याय नाही. पाकिटावर ‘उकळण्याची गरज नाही’ असं छापलेलं असेल तर तेवढ्यासाठीच ते नापास.

क्लोरीनमध्येही एक गोम आहे. पुडीतलं सगळंच प्रथिन गाळात जात नाही, बरंच सेंद्रिय द्रव्य पाण्यात विरघळून राहतं आणि ते क्लोरीन खाऊन टाकतं. ग्रामपंचायतीचा नेहमीचा हिशेब, ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे हजार लिटरला पाच ग्रॅम, इथे कमी पडू शकतो. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे उरलेलं क्लोरीन दाखवणारी थेंबांची चाचणी, करा. पिवळी छटा आली नाही तर मात्रा वाढवायला हवी. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. मेडिक्लोरचे (बाटलीतल्या द्रव क्लोरीनचे) थेंब घालत असाल तरी तेच. याच उरलेल्या द्रव्यामुळे निवळलेलं पाणी दिवसापेक्षा जास्त साठवू नये. चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत टाकीभर पाणी या पुडीने निवळून ठेवण्याचा मोह होतो. करू नका, रोजचं रोज करा. ही कमतरता संशोधकांनाही ठाऊक आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात त्यांनी हे प्रथिन वाळूच्या कणांवर चिकटवून जास्तीचं सेंद्रिय द्रव्य धुऊन टाकलं. पुडीऐवजी अशी तयार वाळू बाजारात आली तर तिला जास्त गुण द्यावे लागतील.

आता बोअर. खानदेशात बऱ्याच तक्रारी पाणी गढूळ असल्याच्या नसतातच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या भांड्यावर पांढरा थर बसतो, या असतात. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, पाण्यात विरघळलेले आयन. त्यांना तळाशी बसवणं या प्रथिनाचं काम नाही, घरगुती मात्रेत तर नाहीच. टीडीएस पुडीने कमी होत नाही, झाला तर थोडा वाढेल. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात किंवा जिथे खताचा मारा जास्त आहे तिथे नायट्रेटचीही शंका घ्यावी लागते. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेट पुडीने जात नाही, तुरटीने जात नाही, आणि उकळल्यावर पाणी आटून उलट दाट होतं. तिथे आरओच लागतो, विशेषतः बाटलीने दूध पिणारं बाळ घरात असेल तर. आधी तपासून घ्या: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते, गावात फिल्ड टेस्ट किट असतं, आणि जंतूंसाठी एच२एसची बाटली पुरते, काळी झाली की पाणी दूषित.

स्वच्छ दिसणाऱ्या बोअरच्या किंवा हिवाळ्यातल्या पाण्यात ही पूड घातली तर नुसता तोटा. चिकटायला कणच नाहीत, प्रथिन पाण्यात तसंच राहतं आणि जंतूंना खाद्य होतं. ओळखायची सोपी युक्ती: पारदर्शक बाटली भरून वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवा, तोंडातून खाली बघा. अक्षरं वाचता आली तर गढूळपणा साधारण ३० एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आहे. मग फडक्याने गाळा, क्लोरीन घाला, पूड डब्यातच राहू द्या.

तुरटीशी तुलना होणारच. तुरटी स्वस्त, कुठल्याही किराणा दुकानात मिळते, वर्षानुवर्षं खराब होत नाही आणि पाण्यात सेंद्रिय द्रव्य सोडत नाही. घरगुती वापरात दोन बाबतींत ती मागे पडते. हातात धरून फिरवताना किती विरघळली याचा पत्ता नसतो, आणि जास्त झाली तर पाणी आंबट-तुरट होऊन अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. शेवगा पाण्याचा सामू फारसा हलवत नाही आणि गाळही कमी होतो. तरी वजन करून, लिटरला ३०-५० मिलिग्रॅम, म्हणजे वीस लिटरला एक ग्रॅमच्या आत तुरटी घालणाऱ्याला शेवग्याकडे वळायचं मोठं कारण नाही. निवळीच्या बियाही तोच परिणाम साधतात, पण निवळी कुचल्याच्याच कुळातली. कुचल्याचं बी बटणासारखं चपटं, करडं आणि जहरी. ओळख पक्की नसेल तर बाजारातून निवळी आणू नका.

शुगर, रक्तदाब, प्रतिकारशक्ती हे दावे पाण्याच्या पाकिटावर शोभतच नाहीत.

गुण द्यायचेच तर जून ते सप्टेंबर, नदीकाठच्या गावाला, दारात शेवगा असेल तर पाचपैकी चार. विकतच्या पाकिटाला तारीख असेल तर तीन, नसेल तर एक. बोअरवाल्यांसाठी शून्य. तळाचा गाळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. त्यात बसलेल्या जंतूंसकट तो झाडाच्या आळ्यात जाऊ द्या, भाजीच्या वाफ्यात नको.