डाळिंबाचा मोफत सल्ला आणि बिलाविना आलेली बाटली

सांगोला तालुक्यातील आमच्या डाळिंबाच्या बागेत मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या) फळांवर तेल्या रोगाचे डाग दिसू लागले, तेव्हा धाकट्या भावाने एका व्हॉट्सअ‍ॅप गटात फळांचे फोटो टाकले. गट चालवणारा स्वतःला ‘डाळिंबतज्ज्ञ’ म्हणवून घेत असे. त्याचा आधीचा सल्ला, खरे सांगायचे तर, वाईट नव्हता: पानगळ केव्हा करावी, छाटणीची कात्री दर झाडानंतर निर्जंतुक का करावी, मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा सामू (आम्लता) कसा तपासावा, हे तो नीट समजावून सांगे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जे ऐकायला मिळते, त्याच्याशी हे जुळत असल्यानेच लोक त्याच्यावर विसंबले.

फोटो पाहताच त्याचा फोन आला. “दादा, दोन फवारण्यांत डाग जागेवर सुकतील, माल थोडाच शिल्लक आहे,” असे सांगून त्याने क्यूआर कोड पाठवला. पैसे गेल्यावर कुरिअरने बाटल्या आल्या. त्यांवर ‘शंभर टक्के जैविक’ एवढे ठळक अक्षरांत होते; नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, विषारीपणा दाखवणारे रंगीत चिन्ह, यांपैकी काहीही नव्हते. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. फांद्यांवरील जुन्या डागांत जिवाणू तग धरतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो, त्यामुळे रोगट फांद्या छाटून जाळल्याशिवाय नुसत्या फवारणीने तो आटोक्यात येत नाही. डाग वाढले, फळे तडकली, व्यापाऱ्याने निम्म्या मालाला हात लावला नाही. भावाने गटात जाब विचारताच त्याला काढून टाकण्यात आले.

मोबाइलवरचा सल्ला घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. 2004 पासून चालणाऱ्या किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर मराठीत विचारता येते आणि तिथे कोणी औषध गळ्यात मारत नाही. सल्ला देणाराच त्याच फोनवरून औषध विकू लागला, की फोन ठेवावा.

पैशांची तक्रार आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवली. कृषी कार्यालयात मात्र पहिला प्रश्न बिलाचा आला. निरीक्षक दुकानात जाऊन नमुना घेतो. इथे दुकान नाही, परवाना नाही, पत्ता नाही आणि हमी तर फोनवर तोंडीच दिलेली. असा माल घरात आला असेल, तर एक बाटली सीलबंदच ठेवावी आणि कुरिअरचे पाकीट फेकू नये; पाठवणाऱ्याचा माग लागलाच तर त्याच्यावरूनच लागेल.