‘दिल्ली क्राइम’ की ‘पाताल लोक’? एकच बघायची असेल तर

पोलिसांची एक चांगली मालिका सांग, पण एकच सांग, असं कुणी म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात आणि विचारणारा आणखी गोंधळतो. त्याचं चुकत नाही. दोन्ही दिल्लीतल्या, दोन्ही ठाण्यातून सुरू होणाऱ्या, दोन्हींचं नाव झालेलं. एक नेटफ्लिक्सवर, दुसरी प्राइमवर. दोन्हीकडे वर्गणी भरायची नसेल तर कुठली तरी एक धरावी लागते. मी दोन्ही पूर्ण बघितल्या, आणि त्यातली एक परत पूर्ण बघितली. कुठली, ते ओघात कळेलच.

आपल्यापैकी बरेच जण ‘सीआयडी’ बघत मोठे झाले. १९९८ पासून शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न घरोघरी हात फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणत होता, दयाने दार तोडलं की तपास संपत आलेला असायचा आणि आपण जेवायला उठायचो. त्यात गंमत होती, नाही असं नाही. पण त्या सवयीने या दोन मालिकांकडे गेलात तर हाती काही लागणार नाही. ‘दिल्ली क्राइम’मध्ये गुन्हा कुणी केला यात रहस्य असं फारसं नाही. ‘पाताल लोक’मध्ये तर चौघे संशयित पहिल्याच भागात पुलावर पकडले जातात. त्यामुळे ‘जास्त सस्पेन्स कशात’ हा प्रश्न इथे बाजूला ठेवलेला बरा.

आधी ‘दिल्ली क्राइम’चा २०१९ चा पहिला सीझन, कारण तिथे तिला तोड नाही असं मलाही वाटतं. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत जे घडलं, म्हणजे निर्भया प्रकरण, त्याचा तपास, एवढाच सात भागांचा विषय. अत्याचाराचं दृश्य कुठेही दाखवलेलं नाही. या एका निर्णयासाठी दिग्दर्शक रिची मेहताला बाकीचं पुष्कळ माफ करावं. आपण पोहोचतो ते सगळं घडून गेल्यावर, पोलिसांच्या मागोमाग रुग्णालयात, आणि तिथून पुढे नुसती धावपळ. दिल्लीच्या रस्त्यांवर पांढऱ्या बस किती असतील? त्यातली एक शोधायची, तीही सीसीटीव्हीतल्या अंधुक चित्रावरून. खऱ्या तपासातही बसच्या अंगावर रंगवलेलं ‘यादव’ हे नाव कामी आलं होतं. मालिका अशा बारकाव्यांवर चालते. कुणाला फोन लावायचा, कुठली गाडी कुठे पाठवायची, ठाण्यातली वीज गेली तर काय करायचं, आरोपीच्या गावाकडे निघालेल्या पथकाला तिथे कोण ओळखणार. शेफाली शाहची डीसीपी वर्तिका चतुर्वेदी या सगळ्याच्या मध्यभागी उभी असते आणि बराचसा अभिनय नुसत्या डोळ्यांनी करते. राजेश तैलंगचा भूपेंद्र तिच्यासोबत इतका सहज वावरतो की हा नट आहे हेच विसरायला होतं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारांत सर्वोत्तम नाट्यमालिकेचा मान तिला मिळाला. भारतीय मालिकेला तो पहिल्यांदाच मिळाला आणि तो योग्य जागी गेला, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांना आग्रह करून पहिले काही भाग दाखवले. म्हणाले, ‘पळापळ अगदी बरोबर दाखवलीय. पण मॅडम दिवसचे दिवस ठाण्यातच मुक्काम ठोकून बसल्यात, हे आमच्या नोकरीत काय बघायला मिळालं नाही बुवा.’ मी तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर लक्षात आलं की मला जे खुपत होतं ते काकांनी जवळजवळ सांगून टाकलं होतं.

तर खुपलं ते हे. ही मालिका आपल्या पोलिसांना चुकू देत नाही. एखादा हवालदार ढिला सापडतो, एखादा अधिकारी कातडी बचावतो, पण वर्तिका आणि तिचं पथक ज्या बाजूला उभं आहे ती बाजू बरोबरच असते. बाहेरून येणारा प्रत्येक जण मात्र कामात खोडा घालायला आलेला. वार्ताहर आले की ते उतावळे आणि अर्धवट माहितीवर ओरडणारे. पुढारी आला की तो खुर्चीच्या हिशेबात. इंडिया गेटवर जमलेली पोरं भाबडी. वर्तिकाच्या मुलीला हे शहर सोडून परदेशी शिकायला जायचंय, तिचा संताप खरा आहे. पण तो संताप कथेत आणलाय तो हळूहळू विरघळवण्यासाठीच, अशी शंका येत राहते. आईचं काम जवळून बघितलं की कळेल तिला, असा एकूण सूर. पहिल्यांदा बघताना वेग इतका असतो की हे जाणवत नाही. दुसऱ्यांदा बघायला बसलो तेव्हा तिसऱ्या भागाच्या आसपास रिमोट हातात घेतला आणि परत लावायची इच्छा झाली नाही.

याचं कारण बहुधा मालिकेच्या मुळातच आहे. २०१२ मध्ये नीरज कुमार दिल्लीचे पोलीस आयुक्त होते. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून मेहताला ही कल्पना सुचली, आणि दुसऱ्या सीझनचा गाभाही कुमार यांच्याच पुस्तकातून आला. बारकावे जिथून आले तिथूनच बाजूही आली, हे ओघानेच आलं. तपासाची कागदपत्रं पोलिसांकडे असतात, त्यांच्या टेबलापलीकडून प्रकरण कसं दिसत होतं ते त्या कागदांत नसतं. त्याच प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात पोलिसांच्या वागण्यावर आणि एकूण कारभारावर चांगलेच ताशेरे होते. मालिका बघून त्याचा अंदाज येणं कठीण. अर्थात, सात भागांत सगळं मावत नाही हेही खरंच.

२०२२ च्या दुसऱ्या सीझनमध्ये ही खोड उघडी पडते. दक्षिण दिल्लीतल्या बंगल्यांत वयस्कर माणसांचे खून होतात, पद्धत जुन्या, नुसत्या अंतर्वस्त्रांत दरोडे घालणाऱ्या कच्छा-बनियान टोळीची, आणि संशय थेट विमुक्त, म्हणजे इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वस्तीवर. चढ्ढा नावाचा निवृत्त अधिकारी बोलावला जातो आणि तो वस्तीतली माणसं सरसकट उचलून आणतो. आपल्याकडच्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, या जमातींना डांबून ठेवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा निघाल्या, पण दरोडा पडला की पारध्यांच्या पालावर जीप जायची ती जायचीच. इतका मोठा विषय हाताशी आहे. आणि मालिका काय करते? वर्तिकाच्या आवाजात निवेदन लावते. हे शहर कसं आहे, इथे श्रीमंत आणि गरीब कसे शेजारी-शेजारी राहतात, याचं आपल्याला काय वाटलं पाहिजे, सगळं तीच सांगणार. ज्यांना उचलून आणलं ते कोठडीत मान खाली घालून बसलेले, आणि त्यांच्या वतीने चांगुलपणाने बोलणार त्यांना उचलणाऱ्या खात्यातल्याच मॅडम. मला तिथे अवघडल्यासारखं झालं. तिसरा सीझन २०२५ मध्ये आला, मुलींच्या तस्करीवर, हुमा कुरेशीसह. वेग चांगला आहे, खोड कायम आहे.

आता ‘पाताल लोक’. मे २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना आली. तिच्याही सुरुवातीला निवेदन आहे बरं का. हाथीराम चौधरी हा जमनापारच्या ठाण्यातला इन्स्पेक्टर आपल्या नव्या साथीदाराला स्वर्ग, धरती आणि पाताळ असे दिल्लीचे तीन लोक समजावून सांगतो, आणि हे आपण कुठल्या शास्त्रात नव्हे तर व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंय हेही लगेच कबूल करतो. या मालिकेशी माझं जमलं ते बहुतेक तिथेच. समजावून सांगणाऱ्या माणसाकडे ती स्वतःच जरा तिरक्या नजरेने बघते.

जयदीप अहलावतचा हाथीराम बघाच. पोट सुटलेलं, चाल जड, बढती कधीच चुकलेली. घरी बायको रेणू वैतागलेली, मेहुणा पैशाच्या नाना योजना घेऊन दारात, आणि मुलाला बाप पोलिसात आहे याची लाज. मोठं प्रकरण त्याला मिळतं ते तो हुशार आहे म्हणून नाही. वरच्यांना वाटतं, हा गप्प बसेल. एका नामवंत पत्रकाराच्या खुनाचा कट, चौघे आरोपी, बस, आरोपपत्र ठोका आणि मोकळे व्हा. तो चौकशी करत जातो आणि चुकत जातो. आरोपीवर हात उगारतो, मार खातो, निलंबित होतो. प्रकरण सीबीआयकडे जातं आणि तिथे त्याची अशी काही सुबक गोष्ट तयार होते की सगळ्यांची सोय होते. इथे पोलीस खातं म्हणजे चांगली माणसं अधिक थोडी वाईट माणसं असं नाही. ते एक यंत्र आहे आणि हाथीराम त्याचा सुटा भाग, कधी त्याच यंत्राचा दांडका हातात धरून फिरणारा. त्याच्या बाजूने उभं राहायचं की नाही हे मालिका आपल्यावर सोडते.

इमरान अन्सारीचं बघा. पहिल्या सीझनमध्ये तो हाथीरामच्या हाताखाली, यूपीएससीचा अभ्यास करणारा शांत पोरगा. ठाण्यातले सहकारी त्याच्या धर्मावरून सहज, चहा पिता पिता टोमणे मारतात. कुणी भाषण ठोकत नाही, पार्श्वसंगीत वाढत नाही, अन्सारी फक्त फाईल उघडतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये तो एसीपी झालाय आणि हाथीराम तिथल्या तिथेच आहे. कालच्या पोराला आता ‘सर’ म्हणायचं. दोघांना एकमेकांबद्दल माया आहे, त्यामुळे तर ते आणखी अवघड होतं. इश्वाक सिंह आणि अहलावत यांनी तो अवघडलेपणा नुसत्या उभं राहण्यातून दाखवलाय.

त्या सीझनची सुरुवातही मला फार आवडली. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा रघू पासवान बेपत्ता होतो, त्याची बायको ठाण्यात येऊन बसते, आणि असल्या तक्रारीकडे एरवी कोण बघतं? हाथीराम बघतो. तिकडे एका नागा नेत्याचा दिल्लीत खून झालेला, सगळी यंत्रणा त्याच्यामागे. दोन धागे जुळतात आणि तपास नागालँडला जातो. दिग्दर्शक अविनाश अरुण, ‘किल्ला’मुळे आपल्याला माहीत असलेला. पहिला सीझन त्याने प्रोसित रॉयसोबत केला होता, दुसरा एकट्याने. पाऊस, धुकं, न बोलता बसलेली माणसं, यांची त्याला घाई नसते.

योगायोगाने तिलोत्तमा शोम दोन्हीकडे आहे. ‘दिल्ली क्राइम’च्या दुसऱ्या सीझनमध्ये ती गुन्हेगाराच्या बाजूला, ‘पाताल लोक’च्या दुसऱ्यात नागालँडची एसपी मेघना बरुआ. दोन्ही कामं उत्तम आहेत. खरं सांगायचं तर ‘दिल्ली क्राइम’मधलं काकणभर सरसच, कारण ती बाई तिथे स्वतःबद्दल काही समजावत बसत नाही. ब्युटी पार्लरची स्वप्नं बघणारी एक बाई, आणि तिचा थंडपणा. त्या मालिकेत वर्तिकाऐवजी तिच्या मागे कॅमेरा जास्त फिरला असता तर हा लेख कदाचित वेगळा झाला असता.

‘पाताल लोक’चे त्रास आहेतच. पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक आरोपीचं पूर्वायुष्य सांगायला मालिका पंजाब, चित्रकूट अशी फिरून येते आणि तेवढा वेळ तपास खुंटीला टांगलेला. मला ते भाग आवडले, पण आमच्या घरात दोन माणसांनी तिथेच नाद सोडला. हिंसा उघडी आहे, चौघांतल्या एकाला हातोडा त्यागी हे नाव उगाच पडलेलं नाही. शिव्या तर इतक्या की आई-बाबा हॉलमध्ये असतील तर हेडफोनला पर्याय नाही. दुसऱ्या सीझनमध्ये नागामी या नागालँडच्या बोलीतले संवाद भरपूर, खालच्या ओळी वाचाव्याच लागतात. जेवताना लावाल तर भाकरी मोडेपर्यंत दोन वाक्यं निसटतात. पत्रकाराच्या घरातला भाग मला थोडा पातळ वाटला, काहींना तोच सगळ्यात आवडतो.

त्यामुळे कुणाला नेमका, घड्याळ लावल्यासारखा तपास बघायचा असेल, मोजकाच वेळ असेल आणि घरच्या मोठ्यांसोबत बसायचं असेल, तर ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन घ्यावा. विषय जड आहे, पण मांडणी सभ्य आहे. सातवा भाग संपला की तिथेच थांबलं तरी चालेल, पुढचे सीझन वेगळ्या गुन्ह्यांचे आहेत, काही अडत नाही.

बाकीच्यांना, थोडा धीर असेल तर, मी ‘पाताल लोक’च सुचवेन. सीझन क्रमानेच बघा, नाहीतर अन्सारीच्या ‘सर’ची मजा जाईल. चित्रकूटचा भाग रात्री उशिरा लावू नका. आणि पहिल्या सीझनमध्ये कुत्री दिसली की जरा लक्ष ठेवा, एवढंच सांगतो.