"राखीव किंमत नाही" म्हणाले, अन् मला १,४०,००० रुपयांना बुडवलं

हे लिहायला दोन महिने लागले. लाज वाटत होती. घरात बायको सोडली तर खरा आकडा कुणाला सांगितलेला नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. पण परवा गावातला एक पोरगा त्याच यार्डात ट्रॅक्टर बघायला निघाला होता. त्याला रस्त्यातच अडवलं, अन् तेव्हाच ठरवलं की आता सगळ्यांनाच सांगायचं.

मी अंबाजोगाईकडचा शेतकरी. २०२४ च्या हंगामात सोयाबीन निघालं ६० क्विंटल. हमीभाव ४,८९२ रुपये, मोंढ्यात हातात पडले ४,१००. म्हणजे २,४६,००० रुपये. मेव्हण्याकडून एक लाख उसने घेतले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून ७०,००० उचलले. हौस म्हणून ट्रॅक्टर घ्यायला गेलो नव्हतो. बैलजोडी मागच्याच उन्हाळ्यात विकली होती अन् हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती.

हप्ते थकल्यामुळं फायनान्स कंपनीनं ओढून आणलेले ट्रॅक्टर एका यार्डात लिलावाला निघाले होते. कंपनीचं अन् यार्डाचं नाव इथं लिहीत नाही, वकिलांनी नको म्हणून सांगितलंय. २५,००० अनामत भरून टोकन घेतलं. लिलाव पुकारणाऱ्यानं माईकवर सांगितलं, "राखीव किंमत नाही. दीड लाखापासून बोली, शेवटची बोली तीच किंमत." राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली माल द्यायचाच नाही, अशी मालकानं ठरवलेली किंमत. हे शंभर माणसांनी ऐकलं.

मी विश्वास का ठेवला, तेही सांगतो. आपल्याकडं ग्रामपंचायत आठवडी बाजाराचा लिलाव करते तेव्हा सरकारी बोली आधी सांगते. वाळूघाटाच्या लिलावात हातची किंमत जाहीर असते. बँक जप्त केलेलं घर विकते तेव्हा पेपरात राखीव किंमत छापून येते, त्याखाली बँक परस्पर विकू शकत नाही. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक लिलावात कमीत कमी किंमत आधी ठाऊक असायची. मग माईकवर माणूस "नाही" म्हणतो, तर ती नसेल असंच मी धरलं. यात माझा मूर्खपणा कुठं आला?

२०१७ चं मॉडेल. रेणापूरकडचे एक म्हातारे शेतकरी अन् मी, आम्हीच खरे घेणारे होतो. ते २,५०,००० वर थांबले. मी २,६०,००० म्हणालो. तिथंच तो ट्रॅक्टर माझा व्हायला पाहिजे होता.

तेवढ्यात मागून पिवळ्या टोपीचा एक माणूस म्हणाला, "दोन सत्तर." हा सकाळपासून ट्रॅक्टरजवळ फिरकलासुद्धा नव्हता. आम्ही इंजिन चालू करून बघितलं, टायर बघितले, खाली वाकून ऑइलची गळती बघितली. ह्यानं काहीच बघितलं नाही. मी दोन ऐंशी, तो दोन नव्वद. मी तीन, तो तीन दहा. तीन दहाला मी गप्प बसलो. मनात म्हटलं, जाऊ द्या.

आता नीट ऐका, कारण रात्री झोप लागत नाही ती ह्याच एका गोष्टीनं. पुकारणारा म्हणाला, "तीन दहा एकवार. तीन दहा दोनवार." अन् थांबला. तीनवार म्हणेचना. माईक बाजूला धरून माझ्याजवळ आला, "मालक, दहा हजारासाठी सोडता का? असा ट्रॅक्टर पुन्हा मिळणार नाही." दोन मिनिटं असतील, जास्तच. टोपीवाला खरा घेणारा असता तर त्यानं आरडाओरडा केला असता, "तीनवार म्हणा की, माझा झाला." तो मोबाईल बघत उभा होता. तीन दहाचं गिऱ्हाईक समोर उभं असताना पुकारणारा माझी मनधरणी का करतोय, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझी बाही ओढली, "पाव्हणं, सोडा. ह्यो माणूस आपल्यातला न्हाई." मला वाटलं, यांना मिळाला नाही म्हणून जळतात. मी तीन वीस म्हणालो.

मग तीन तीस, तीन चाळीस, असं चढत गेलं. त्यानं तीन नव्वद केले, मी चार लाख म्हणालो. अन् टोपीवाला एका झटक्यात गप्प. एकवार, दोनवार, तीनवार, श्वास घ्यायच्या आत. चार लाख, वर दोन टक्के सेवाशुल्क ८,०००, त्यावर जीएसटी १,४४०, यार्डाचं भाडं ३,५००. एकूण ४,१२,९४०. खिशात उरले ३,०६०.

पंधरा दिवसांनी नावावर करायचे कागद हातात आले. फॉर्म २९ अन् ३० च्या मध्ये चुकून एक चिठ्ठी राहिली होती. गाडीचा नंबर, अन् पुढं पेनानं लिहिलेलं: राखीव किंमत ४,००,०००. त्याच आठवड्यात भाचा पुढच्या लिलावाला गेला, तर पिवळी टोपी तिथंही. अन् दुपारी पुकारणाऱ्याच्याच डब्यात जेवायला.

कमीत कमी किंमत ठरवणं हा गुन्हा नाही, हे मलाही कळतं. माल ज्याचा त्यानं इतक्याखाली देणार नाही म्हणावं. पण मग २,६०,००० वर सांगायचं होतं की परवडत नाही, विक्री रद्द. मी अनामत घेऊन घरी आलो असतो. त्यांनी मला खोट्या माणसाच्या खांद्यावरून त्यांच्या किमतीपर्यंत चढवलं. गावातल्या मिस्त्रीनं नंतर बघून सांगितलं, मागं औजार उचलणाऱ्या लिफ्टचं काम निघणार, तीन लाखाच्या वर हा ट्रॅक्टर नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. "बोली तुम्हीच लावली ना? कुणी पिस्तूल लावलं होतं का? दिवाणी बाब आहे." अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागायला तीन चकरा मारल्या. फायनान्स कंपनी म्हणते, लिलाव एजन्सीनं केला, त्यांच्याकडं जा. एजन्सी म्हणते, तुम्ही 'जसं आहे, जिथं आहे' वर सही केली. अहो, ती सही ट्रॅक्टरच्या हालतीबद्दल होती, खोट्या बोलीबद्दल नव्हती! ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातला बाबू म्हणाला, लिलावात घेणारा ग्राहक धरायचा का, हेच आधी बघावं लागतं, वकील आणा. तहसीलला गेलो तर म्हणाले, आमच्याकडं कशाला आलात. प्रत्येक खेपेला दोनशे रुपये अन् एक दिवस. एवढ्या टेबलांवर फिरलो, पण "ती चिठ्ठी दाखवा" असं एकानंही म्हटलं नाही.

वकिलानं ३,००० घेतले, पण निदान कायदा सांगितला. माल विक्री कायदा, १९३०, कलम ६४. राखीव किंमत ठेवता येते. विकणाऱ्याच्या बाजूनं बोली लावायची असेल तर तेही आधी जाहीर करावं लागतं. जाहीर न करता आपला माणूस उभा केला तर घेणारा ती विक्री फसवणूक धरू शकतो. किंमत वाढवायला खोटी बोली लावली तर विक्री रद्द करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. अन् तीनवार म्हणेपर्यंत आपली बोली मागं घेता येते, हेही त्याच कलमात आहे. मला कुठं ठाऊक होतं!

वकिलाचा पहिला प्रश्न होता, "चिठ्ठी सापडल्यावर ट्रॅक्टर वापरला का?" कळल्यावरही वापरला तर विक्री मान्य केली असं समोरचा म्हणू शकतो. म्हणून ट्रॅक्टर तेव्हापासून पत्र्याच्या शेडात उभा आहे, अन् सहा एकर हरभरा मी भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरला, एकरी हजार रुपये देऊन. नोटीस गेलीय, उत्तर नाही.

यार्डात जाणाऱ्यांनो, टोकन घ्यायच्या आधी लेखी विचारा: राखीव किंमत आहे का, अन् मालकाच्या बाजूनं कुणी बोली लावणार आहे का. लिहून देत नसतील तर अनामत भरू नका. माईकवरचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, मी केलं नाही. घरूनच शेवटचा आकडा कागदावर लिहून न्या. अन् सोबत असा माणूस न्या ज्याला ट्रॅक्टर नकोय.

आता मला साक्षीदार पाहिजे. ते रेणापूरकडचे म्हातारे शेतकरी, पांढरा पटका, कानात भिकबाळी, २,५०,००० वर थांबलेले. नाव विचारायचं राहून गेलं. कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांना एवढं सांगा की ज्याची बाही तुम्ही ओढली होती तो माणूस तुम्हाला शोधतोय.