इंटरॅक्टिव्ह पॅनेलसोबत आठ महिने: गणिताच्या तासाचा अनुभव

वर्गात ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने लिहिता येणारा मोठा पडदा, बसलं त्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मनातल्या मनात कपाटातले खडूचे डबे मोजले. वीस वर्षं फळ्यावर गणित शिकवलंय. हात, मान, आवाज, सगळं फळ्याच्या मापाचं झालेलं. आता आठ महिने झाले. "कसं वाटतंय?" असं विचारणाऱ्या शिक्षकांना तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी निकाल. पॅनेल मला आवडलं, पण त्याच्या जाहिरातीत जे दाखवतात त्यातलं निम्मंही मी वापरत नाही. वर्गात खरा फरक पाडला तो छापील कार्डांच्या एका गठ्ठ्याने आणि माझ्या जुन्या फोनच्या कॅमेऱ्याने. त्याकडे येतेच.

सुरुवातीला दोन तासांचं प्रशिक्षण झालं. पेनाचा रंग कसा बदलायचा, पडदा कसा ओढायचा, एखाद्या भागावर प्रकाशझोत कसा टाकायचा, पडद्यावरचा कंपास बोटाने कसा फिरवायचा. मी विचारलं, "ऋण संख्या शिकवताना यातलं काय वापरू?" प्रशिक्षक हसून म्हणाले, "मॅडम, तो तुमचा विषय." तेव्हा राग आला होता. नंतर शिक्षणाचे अभ्यासक पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली टीपॅक नावाची चौकट वाचनात आली. विषयाची जाण, शिकवण्याची जाण आणि साधनाची जाण या तिन्ही वेगवेगळ्या असून भागत नाही, त्या एकमेकींत मिसळाव्या लागतात, असं ते सांगतात. आमच्या प्रशिक्षणात तिसरीच होती, तीही बटणांपुरती. बाकीचं मिसळण मला वर्गातच करावं लागलं, आणि पहिला महिना ते साफ बिघडलं.

बिघडलं असं की मी स्लाइडा केल्या. व्याख्या, सूत्र, उदाहरण, कोपऱ्यात हसणारं घुबड. मग तीच वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. मुलं डोळ्यांनी पुढे आणि माझा आवाज मागे, शेवटी दोन्ही वाऱ्यावर. पडद्यावर लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं की शिकणं सुधारण्याऐवजी अडखळतं, आणि शोभेची चित्रं लक्ष खातात, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून केव्हाच पुढे आलंय. मला ते माझ्या वर्गाने शिकवलं. घुबडाबद्दल तीन प्रश्न आले, सूत्राबद्दल एकही नाही. आता स्लाइडवर आकृती किंवा प्रश्न, एवढंच. बाकी बोलायला मी आहे.

यंत्राबद्दल थोडं, कारण हे माहितीपत्रकात नसतं. आमच्या पॅनेलला स्पर्श कळतो तो चौकटीच्या कडेने सोडलेल्या अवरक्त किरणांमुळे. किरण जिथे अडला तिथे बोट आहे असं ते धरून चालतं. बोटच असावं असा त्याचा आग्रह नाही. मी समीकरण लिहितेय आणि खाली आपोआप एक वेडीवाकडी रेघ उमटतेय, असं दोन दिवस चाललं. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुमची बाही!" बाही काचेला टेकायच्या आतच रेघ उमटते, त्यामुळे बाही दुमडून लिहायची सवय लावली. दुसरी गंमत खडूची. शेजारीच फळा असल्याने पूड उडून चौकटीच्या खालच्या काठावर साचते, आणि मग पॅनेलच्या अंगात आल्यासारखं होतं. पानं आपोआप उलटतात, पेन स्वतःच लिहितं. मी तक्रार नोंदवायला निघाले होते. एका सहकाऱ्याने कोरड्या मऊ फडक्याने काठ पुसला आणि अंगातलं उतरलं. आता रोज सकाळी हजेरीआधी पुसणं हे काम एका मुलीने स्वतःकडे घेतलंय आणि ती ते कुणाला देत नाही.

एक खरी तक्रार मात्र आहे. बसवणाऱ्यांनी पॅनेल फळ्याच्या अगदी मधोमध ठोकलं. दोन्ही बाजूंना उरलेल्या पट्ट्यांवर एक लांब पदावली धड मावत नाही. तुमच्याकडे अजून बसायचं असेल तर भांडून ते एका बाजूला घ्या. पॅनेलवरचं पान पुढे सरकलं की मागचं नजरेआड जातं. सिद्धतेची पहिली ओळ पाचव्या ओळीपर्यंत डोळ्यांसमोर राहायला हवी असेल, तर फळ्यासारखं दुसरं काही नाही.

आता जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर. भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकवायची होती. त्रिकोण काढला, तिन्ही कोनांची मापं दाखवली आणि एका मुलाला शिरोबिंदू ओढायला बोलावलं. कोन बदलत होते, मुलं बेरीज करत होती. १८०, १८०, १८०. मी विजयी मुद्रेने वळले तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, हा १७९ चा आहे." पडद्यावर ४७, ६२ आणि ७०. खरंच १७९!

क्षणभर घाम फुटला. मग लक्षात आलं, मापं पूर्ण अंशात दाखवायची असं मीच ठरवून ठेवलं होतं. एक दशांश स्थळ वाढवल्यावर दिसलं ४७.४, ६२.३ आणि ७०.३. बेरीज १८०. तिन्ही संख्या खाली उतरल्या म्हणून एक अंश हरवला होता. "मग १८१ चा पण सापडेल?" त्याने विचारलं. पुढची दहा मिनिटं अख्खा वर्ग १८१ चा त्रिकोण शोधत होता, आणि सापडलाही. टाचणात त्या दिवशी 'आसन्न मूल्य', म्हणजे माप जवळच्या पूर्ण संख्येत घेणं, नव्हतं, पण ते इतकं पक्कं मी पूर्वी कधीच शिकवलं नव्हतं. शेवटी एका मुलीने विचारलं, "पण सगळे त्रिकोण ओढून कसे बघणार?" मी पॅनेल बंद केलं, फळ्याच्या अरुंद पट्टीवर त्रिकोण काढला, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली आणि व्युत्क्रम कोनांवरून सिद्धता केली. ओढून बघितल्यामुळे प्रश्न पडला, उत्तर खडूनेच दिलं. तेव्हापासून माझा बहुतेक तास याच क्रमाने जातो.

आणि आता कार्डं. प्लिकर्स नावाची पद्धत आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळा-पांढरा चौकोनी ठसा, चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणाचं काय उत्तर ते फोनवर दिसतं. मुलांकडे कुठलंही यंत्र लागत नाही, ठसे वेगवेगळे असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही.

पहिला प्रश्न टाकला: −३² म्हणजे किती? ए ला ९, बी ला −९, सी ला −६, डी ला ६. आदल्याच दिवशी हा भाग झाला होता. "समजलं का?" विचारल्यावर "हो बाई" असा गजरही झाला होता. कॅमेरा फिरवला तर अर्ध्याहून जास्त वर्ग ९ वर. त्यात माझी दोन हुशार मुलं. वीस वर्षं मी त्या "हो बाई"वर पुढचा धडा सुरू करत आले, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसलं आणि जरा लागलं.

उत्तर सांगण्याचा मोह आवरला. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या तासाला रूढ केलेली रीत वापरली. उत्तरं विभागली गेली की योग्य उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा कार्डं वर. दोन मिनिटं मासळीबाजार. मग एक जण, जो एरवी तोंड उघडत नाही, बाकावरून शेजाऱ्याला सांगताना ऐकू आला: "वर्ग नुसत्या तिनाचा रे. उणे बाहेर उभंय. त्याला आत यायचं तर कंस लागेल." दुसऱ्या फेरीत बहुतेक कार्डांवर बी वर होतं. त्याचं वाक्य मी तसंच्या तसं दुसऱ्या तुकडीत वापरते.

फोनचा दुसरा उपयोग वहीसाठी. पुस्तकांच्या ढिगावर फोन आडवा ठेवून, कॅमेरा खाली, चित्र पॅनेलवर. कुणाच्या तरी वहीतला अर्धवट चुकलेला भागाकार नाव न सांगता लावायचा आणि "पहिली चूक कुठे?" एवढंच विचारायचं. सुरुवातीला मुलं वही लपवायची. आता "बाई, माझी लावा" अशी ओरड होते, त्यात काहींच्या वहीत चूक नसते आणि ती मिरवायची असते. लावते कधीकधी.

सोडून दिलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे घड्याळ लावलेले गुणांचे खेळ. आवाज भरपूर, पण तीच चार मुलं जिंकतात आणि बाकीची दुसऱ्या फेरीपासून काहीही दाबतात. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात आणि ते तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं सुधारतात, हे शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं. मी थांबायला शिकतेय आणि यंत्र उलटी गिनती लावतंय, हे जमेना. हस्ताक्षराचं छापील अक्षर करण्याची सोयही बंद केली. माझ्या २ चा ती झेड करते.

तयारीला आधी एका तासामागे तासभर जायचा, आता पंधरा मिनिटं. इंटरनेटवर भिस्त ठेवू नका. जिओजेब्रा आणि फेट या संकेतस्थळावरची हलती प्रयोगचित्रं आधीच उतरवून ठेवता येतात. वीज गेली तर खडू आहेच, डबे अजून भरलेले आहेत.

कार्डं छापणार असाल तर जाड साध्या कागदावर छापा. मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन केलं आणि खिडकीकडच्या रांगेतलं एकही कार्ड कॅमेऱ्याला दिसेना. ठशावर बोट येऊ द्यायचं नाही हेही पहिल्याच दिवशी सांगा. आणि दोन जोड ठेवा. आमच्याकडचं ३१ नंबरचं कार्ड दर आठवड्याला कुणाच्या तरी भूगोलाच्या वहीत सापडतं.