हत्यारांसाठी उघडी मांडणी की दाराचं कपाट?

सोलापुरात सुतारकामाची हत्यारं ठेवायची तर गंजापेक्षा धुळीचा विचार आधी करावा. कोकणासारखी दमट हवा इथे नाही. पावसाळ्यापुरता पात्यांना तेलाचा बोळा फिरवला की भागतं. म्हणून थोडी धूळ बसली तरी माझा कौल उघड्या मांडणीला.

तिचा खरा फायदा हाताला कळतो. रंधा, काटकोन तपासायचा गुण्या, पटाशी, सगळं समोर. जागा रिकामी दिसली की काय परत ठेवायचं राहिलंय ते लगेच लक्षात येतं. पटाश्यांसाठी फळीला खाचा पाडा, पण धारेच्या पुढे आडवी पट्टी हवीच, नाहीतर खालच्या फळीवरचं काही काढताना बोटं कापतील. लोखंडी रंधे जड असतात. 18 मिमी प्लायची फळी तीन फूट अधांतरी ठेवली तर मधे झोळ येतो. दोन फुटांवर टेकू द्या. पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी मारली की रंधा घसरत नाही.

कपाट धूळ अडवतं, घरात लहान पोरं असतील तर कुलूपही लावता येतं. दाराच्या आतून करवती टांगल्या तर जागा वाचते, पण बिजागऱ्या दणकट लागतात. दारं भरीव लाकडाची नकोत. उन्हाळ्यात आकसतात, पावसात फुगून अडकतात. प्लाय बरा.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात मात्र कपाटच करा, तेही जमिनीवर उभं. वरून माती झडत राहते आणि मातीत बांधलेल्या भिंतीत स्क्रू नीट धरत नाहीत.