टाचांसाठी आणलेले मासे

थंडी पडायला लागली की आमच्या हिच्या टाचा फुटतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या खरेदीला गेलो असताना एका मॉलमधल्या फिश स्पात, म्हणजे पायाची मेलेली कातडी कुरतडणाऱ्या माशांच्या हौदात, ती पाय सोडून वीस मिनिटं बसली. आधी खी खी हसत, मग अगदी गप्प. घरी येताना रिक्षातच म्हणाली, "अहो, गोल्डफिशची टाकी रिकामीच पडलीय ना आपली?" एवढ्यावर ठरलं. मी सातपूरला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. टाकी, पंप, हीटर म्हटलं की मला नाही म्हणवत नाही.

मासे आणले बारा, दीडशे रुपयाला एक. नाव गॅरा रुफा, दुकानात म्हणतात डॉक्टर फिश. दुकान नाशकातलंच आहे, पण नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे अडीचशे लिटर. स्टँडवर ठेवली तर त्यात पाय कसे घालणार, हा विचार दुकानदाराने केला नव्हता आणि मीही नाही. शेवटी थर्माकोलची शीट टाकून फरशीवर उतरवली आणि बाजूला स्टूल. काचेची कड पोटरीला रुतायची, म्हणून अर्ध्या इंची पाइप उभा चिरून कडेवर बसवला. नळाचं पाणी गंगापूर धरणाचं असलं तरी क्लोरीन मारलेलं, त्यामुळे बादल्या चोवीस तास उघड्या ठेवून मगच टाकीत ओतायच्या. आणि ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: नवीन टाकीत लगेच मासे सोडू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला महिनाभर लागतो. मी जुन्या टाकीतला मळका स्पंज ठेवून दिला होता, म्हणून निभावलं.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. हात घातला की सगळे बोटांना लोंबकळायचे. मग त्यातले तीन मासे भराभर वाढायला लागले. बाकीच्यांना कोपऱ्यात दाबायचे, हीटरजवळची जागा अडवून बसायचे. दोन महिने झाले असतील, एका संध्याकाळी हिने पाय घातला आणि किंचाळून बाहेर काढला. करंगळीच्या बेचक्यात रक्ताचा थेंब.

मी डेटॉल शोधतोय तोवर ही चष्मा लावून टाकीपाशी वाकलेली. म्हणाली, "अहो, हे डॉक्टर नाहीत. ही चिलापी आहे."

हिचं माहेर निफाड तालुक्यातलं, नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूचं. चिलापी, म्हणजे खायचा तिलापिया मासा, ओळखण्यात तिची चूक होणं शक्य नाही. तरी मी माझं भिंग काढलं. गॅऱ्याचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, दगडावर घासायला सोयीचं. तोंडाच्या कडेला बारीक मिशा, जबड्याला दात नाहीत. या तिघांचं तोंड सरळ पुढे, मिश्यांचा पत्ता नाही आणि पाठीवर काट्यांचं लांब पर. स्पाच्या धंद्यात याच पिल्लांना चिनचिन म्हणतात आणि स्वस्त म्हणून गॅऱ्याच्या नावावर खपवतात, हे मला नंतर समजलं. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. चिलापीला पुढे दात येतात.

दुकानात गेलो. पोरगा म्हणतो, "काका, माल वरूनच मिक्स येतो. नको असतील तर गोदावरीत सोडून द्या." पैसे परत नाहीत, बदलूनही नाहीत. वर हा सल्ला! बाहेरच्या चिलापीने आधीच आपल्या नद्यांमध्ये धुमाकूळ घातलाय, त्यात मी आणखी तीन सोडू? दिंडोरीजवळ माझ्या मित्राच्या शेततळ्यात चिलापीच पाळलेली आहे, त्याला नेऊन दिली.

उरले नऊ, खरे गॅरा. आता यांच्याबद्दल.

हे मूळचे तिकडचे, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणकडच्या नद्यांचे. तुर्कस्तानात सिवास प्रांतातल्या कांगल गावी गरम पाण्याचे झरे आहेत, पाणी पस्तीस अंशांच्या आसपास. तेवढ्या गरम पाण्यात माशांना खायला फारसं मिळत नाही, म्हणून ते माणसाची मेलेली कातडी कुरतडतात. सोरायसिस या कातडीच्या आजाराचे लोक तिथे जाऊन बसतात. पण सगळी ग्यानबाची मेख त्या भुकेत आहे. एरवी हा मासा दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा, माणसाचे पाय ही त्याची दुष्काळातली भाकरी. मी आपला शेवाळाच्या वड्या, काकडीच्या चकत्या, उकडलेला पालक असं व्यवस्थित खायला घालत होतो. आठवडाभरात हिच्या टाचांकडे कोणी फिरकेना. "पोटं भरली यांची, आता माझे पाय कोण विचारतो," इति सौभाग्यवती.

दोन दिवस उपाशी ठेवले की यायचे. पण दर शनिवारच्या टाचांसाठी नऊ जिवांना गुरुवारपासून एकादशी घडवायची, हे काही मला पटेना. मॉलमधले मासे एवढे तुटून का पडत होते, तेही तेव्हा उमगलं.

माझ्या स्वतःच्या पायांचा प्रश्नच नव्हता. मला साखर आहे, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. पायाला बारीक जखम झाली तरी कळत नाही आणि टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू असू शकतो. तो जखमेतून शिरला तर महिनोनमहिने औषधं. अमेरिकेत कितीतरी राज्यांनी फिश स्पावर बंदी घातली आहे. कारण सरळ आहे: एका गिऱ्हाइकानंतर दुसऱ्यासाठी कात्री उकळता येते, मासा उकळता येत नाही.

जानेवारीत निफाडचा पारा रोज पेपरात यायला लागला तसा हीटर रात्रभर चालू. पाणी पंचवीस-सव्वीसवर ठेवतो. एकदा दिवसभर वीज गेली तेव्हा टाकीला गोधडी गुंडाळली आणि बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. आणि झाकण! हे मासे उड्या मारतात, ओल्या काचेवर चढतातसुद्धा. एक सकाळी शोकेसच्या मागे वाळून पडलेला सापडला. आता वर अॅक्रिलिकची शीट आहे आणि मासे आठ.

मासा म्हणून पाचपैकी साडेचार. दिवसभर काचा घासतात, पंपाच्या धारेत उलटे पोहतात, एकमेकांना ढुशा देतात, कंटाळा म्हणून येत नाही. आपल्या दख्खनच्या नद्यांतही यांचा एक चुलतभाऊ आहे, गॅरा मुल्या. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली त्याची शास्त्रात नोंद केली. पेडिक्युअर म्हणून पाचपैकी एक, तोही गुदगुल्यांचा. दुकानाला शून्य.

टाचांना ही आता रात्री कोकमतेल लावते. त्याचा तवंग पाण्यावर येतो, म्हणून पाय टाकीत घालायला मीच बंदी केली आहे. टाकी परत स्टँडवर चढवली. काकडी चिरायला ही ओट्याशी उभी राहिली की आठही जण त्या बाजूच्या काचेला चिकटतात. मी उभा राहिलो तर एकही हलत नाही.