पणजोबांचं जन्मगाव: चर्चची वही की कोतवाल बुक?

ठाण्यातली ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातली) मैत्रीण विचारते, आधी कुठे शोधू? जनगणनेचा नाद सोड. १९४८च्या कायद्याने त्यातल्या माणसागणिक नोंदी गोपनीय आहेत.

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांसोबत धर्ममातापित्यांचीही नावं असतात आणि त्यातून नातेवाईकांचा माग लागतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण बाप्तिस्मा झाला तेच जन्मगाव असेल असं नाही. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये निघू शकतात, शिवाय फादरांची सवड बघावी लागते.

कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या सरकारी नोंदवहीत, जन्म गाववार नोंदलेले, म्हणून पुरावा थेट. तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो, मोडी वाचणारा माणूस हवा. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे, तेव्हा पणजोबांच्या आईचं माहेरही तपास.

गावाचा पत्ताच नसेल तर चर्च. दोन-तीन गावांवर अंदाज असेल तर सरळ तहसील.